फिल्ट्रेशन हा बाबांचा विषय

आमच्या घरात वस्तू आधी विकत यायची आणि तिची गरज मागाहून शोधली जायची. करामातला आमचा फ्लॅट दोन खोल्यांचा, माणसं तीन, आणि बाल्कनीत पाय ठेवायला जागा नाही. तिथे सोडा तयार करायचं यंत्र होतं, शेवया पाडायचं यंत्र होतं, अंडी उबवायची पेटी होती (दुबईत, चौथ्या मजल्यावर, कोंबडीचा पत्ता नसताना), आणि एक दुर्बीण होती, जिच्यातून समोरच्या बिल्डिंगमधल्या केरळी कुटुंबाचा फ्रीज तेवढा स्पष्ट दिसायचा. प्रत्येक वस्तूमागे बाबांचा एक महिन्याचा अभ्यास असे. अभ्यास म्हणजे रात्रीच्या जेवणात फोन ताटाला टेकवून व्हिडिओ बघणं. आईने लग्नानंतर दोनेक वर्षं विरोध केला म्हणे. मी कळती झाले तोवर ती फक्त एकच प्रश्न विचारायची, "किती बाय किती आहे?" आणि ती वस्तू कुठे कोंबता येईल हे शोधायला उठायची. ती एका दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. दिवसभर कण्हणाऱ्या लोकांशी गोड बोलून आल्यावर तिच्याकडे घरच्यांसाठी गोडवा फारसा उरत नसे, आणि त्याबद्दल मी आज तिला मुळीच दोष देत नाही.

बाबा पाणी गाळायची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत सेल्स इंजिनिअर होते. हॉटेलांना यंत्रं विकायचे. विकायचे म्हणजे विकायला जायचे. पण त्या नोकरीने त्यांना एक वाक्य दिलं होतं, आणि ते वाक्य ते लग्नात, बारशात, मंडळाच्या गणपतीत, जिथे म्हणून द्रव पदार्थ दिसेल तिथे काढायचे: "फिल्ट्रेशन हा माझा विषय आहे." चहा गाळताना काढायचे. एकदा तर कुणाच्या तरी घरी पंचामृत देताना काढलं होतं. मी सोळा वर्षांची होते आणि मला त्यांची इतकी लाज वाटायची की मॉलमध्ये मी दहा पावलं मागून चालायचे. ते मराठीत विचारायचे, मी इंग्रजीत उत्तर द्यायचे, आणि तेही अख्खं वाक्य खर्च न करता. "बाबा, प्लीज." "व्हॉटेव्हर." एवढ्यात आमचा संवाद खलास. आता माझी मुलगी मला याच दोन शब्दांत उडवते, तेव्हा मी तिला काही बोलत नाही. बोलणार कुठल्या तोंडाने?

समोरच्या दारात इब्राहिमचाचा राहायचे. दापोलीकडचे. अल क्वोजमध्ये खजूर भरायचं एक मोठं गोदाम होतं, तिथे ते स्टोअरकीपर. त्यांची बायको रुकैयाचाची, आणि मुलगी सलमा, माझ्याच वर्गात. सलमा ही माझी एकुलती एक मैत्रीण. बाकीच्या माझ्या जिभेमुळे टिकल्या नव्हत्या. सलमा टिकली, कारण ती कमी बोलायची आणि मी कुणाबद्दल विष ओकायला लागले की हसून विषय बदलायची. शाळेतून आल्यावर माझं दप्तर आमच्या घरी पडायचं आणि मी चाचीच्या स्वयंपाकघरात. तिथे काही ना काही शिजतच असायचं. तांदळाची भाकरी तव्यावर फुगलेली, कोलंबीचं सुकं, आणि सणावाराला सांदण, वाफेवर फुललेलं पांढरंशुभ्र. त्या सांदणावर चाची खजुराचा पाक ओतायची. अरब लोक त्याला दिब्स म्हणतात. दिसायला काळपट, मधापेक्षा पातळ, आणि चवीला असा की बोट चाटताना माझ्यासारख्या तुसड्या पोरीचंही तोंड बंद व्हायचं.

हा पाक चाची घरीच करायची. गोदामात फुटका, अति मऊ खजूर वेगळा काढायचे, तो चाचांना घरी न्यायची परवानगी होती. चाची त्यातल्या बिया काढायची, गरम पाण्यात भिजवायची, हाताने कुस्करायची, आणि तो सगळा लगदा एका मलमलच्या फडक्यात बांधून सिंकच्या नळाला टांगून ठेवायची, आपण चक्का टांगतो तसा. खाली पातेलं. मग दुपारभर टप्, टप्, टप्. आम्ही दोघी तिथेच लादीवर बसून अभ्यास करायचो आणि तो आवाज चालू असायचा. पिळायचं नाही, हा चाचीचा एकच नियम. "पिललंस तर गढूल उतरतो गो बाय. त्याचा तो येल दे." मग तो रस जाड बुडाच्या टोपात मंद आचेवर आटवायचा. ते फडकं जुन्या ओढणीचं होतं, वापरून वापरून तपकिरी झालेलं, प्रत्येक वेळी नुसत्या उकळत्या पाण्यात धुतलेलं. साबण कधीच नाही. सगळी साधनसामग्री एवढीच. फडकं, नळ, पातेलं आणि वाट बघायची तयारी. पाक होत आला की चाची सलमाला हाक मारायची, चमचा तिच्या नाकाखाली धरायची आणि विचारायची, "झाला?" सलमा हुंगून म्हणायची, "अजून थोडा." मला वाटायचं, मुलीचे लाड चाललेत.

त्या वर्षी चाचा साठीला आले आणि गोदामाच्या मालकांनी सांगितलं, व्हिसा आता पुढे वाढवणार नाही. म्हणजे सगळं कुटुंब गावी परत. सलमाची अकरावी अर्धी झालेली. ती मधेच शाळा सोडून दापोलीला जाणार, वेगळं बोर्ड, वेगळे विषय, एक वर्ष तर नक्कीच वाया. तिला फार्मसी करायची होती, आणि चाचांच्या भावांनी तिकडे तिच्यासाठी स्थळं बघायला घेतली आहेत हेही तिने मला एकदा जिन्यात, माझ्याकडे न बघता सांगितलं होतं. तेवढ्यात एक वाट निघाली. जुमेराच्या बाजूला मिठाईचं दुकान चालवणाऱ्या एका अरब बाईंनी कुणाकडे तरी चाचीचा पाक चाखला होता. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. त्यांना पाक करायला आणि त्यातले पदार्थ करायला कायमची बाई हवी होती. त्यांनी निरोप पाठवला, सहा बाटल्या नमुन्याच्या आणा, माझ्या स्वयंपाक्यांसमोर चाखू. पसंत पडल्या तर दुकानाचा व्हिसा चाचीच्या नावावर निघणार होता आणि सलमा तिच्या व्हिसावर बारावीपर्यंत राहू शकणार होती. सगळं त्या सहा बाटल्यांवर होतं. चाचीने नमाजाच्या चटईवर किती वेळ काढला त्या दिवसांत, ते मला दारातून दिसायचं.

आणि मग ही बातमी बाबांच्या कानावर गेली. चहाला चाचा आले होते, त्यांनी सहज सांगितलं. बाबांनी कप खाली ठेवला. आईने डोळे मिटले. मला पुढचं वाक्य तोंडपाठ होतं.

"इब्राहिमभाई, काळजी सोडा. फिल्ट्रेशन हा माझा विषय आहे."

झालं! उंटाला तंबूत नाक खुपसायला मिळालं की पुढे काय होतं हे या देशात कुणाला सांगायला नको. बाबांना व्हिडिओत कॅनडातला एक माणूस सापडला होता, चौकडीचा शर्ट, छातीपर्यंत दाढी, बर्फात उभा राहून मेपलच्या झाडाला नळ ठोकणारा. त्या झाडातून गोड पाणी ठिबकतं, ते बादलीत जमवायचं, गाळायचं आणि आटवायचं. बाबांचं म्हणणं, तत्त्व एकच. त्या दाढीवाल्याने त्यांची झोप उडवली. बादली प्लास्टिकची घ्यावी की स्टीलची, झाकण सपाट की उतरतं, गाळणी जाड लोकरीची शंकूसारखी घ्यावी की चौकोनी, की दाबयंत्रच घ्यावं, ज्यात एकामागोमाग एक कागद लावून पंपाने रस ढकलतात. आईच्या दवाखान्याच्या कोऱ्या कागदांवर त्यांनी तुलनेचे तक्ते काढले. तीन सुट्ट्या आम्ही ड्रॅगन मार्टमध्ये घालवल्या. मला का नेलं तर चिनी दुकानदारणीशी इंग्रजी बोलायला. ती बादली दाखवायची, बाबा बादलीवर टिचक्या मारायचे, दिरहममधला भाव मोठ्याने रुपयांत करायचे, हाय खायचे, आणि "हबीबी, लास्ट प्राइस?" असं त्या बाईला विचारायचे. बाईला! हबीबी, म्हणजे लाडक्या! मी दिव्यांच्या दुकानात शिरून झुंबरं बघत उभी राहायचे.

शेवटी त्यांनी अख्खा मेपलचा संच ऑनलाइन मागवला. खोका उघडला तर आत लोकरीच्या दोन शंकू-गाळण्या, गोडी मोजायची काचेची नळी, दाबयंत्र, आणि झाडाला ठोकायचे बारा नळ.

"बाबा, देअर आर नो मेपल ट्रीज हिअर," मी म्हटलं.

"नळ कधीही लागतो," बाबा म्हणाले, आणि खिडकीतून फुटपाथवरच्या म्युनिसिपालिटीच्या खजुराच्या झाडाकडे बघायला लागले.

"अहो, त्या झाडाला नुसतं बोट लावून बघा," आई म्हणाली. "थेट एअरपोर्टला नेतील तुम्हाला. मी डबासुद्धा देणार नाही."

झाड वाचलं. चाचीचं फडकं मात्र वाचलं नाही. बाबा तिच्या स्वयंपाकघरात तपासणीला गेले, हातात वही. त्यांनी ते तपकिरी फडकं दोन बोटांत धरून उचललं. "भाभी, हे फूड ग्रेड नाही. मोठ्या दुकानाचं काम आहे. उद्या लॅबमध्ये टेस्ट केली तर?" लॅब! त्या मॅडमकडे लॅब होती की चमचा, देव जाणे. सलमा हळूच म्हणाली, "अंकल, अम्मी सहा वर्षं तेच वापरते." पण चाचीने तिला डोळ्यांनी गप्प केलं. "भाऊ इंजिनेर हायत. त्यांना म्हाईत." आणि तिने ते फडकं खरोखरच लादी पुसायला टाकलं. शेजारधर्म हा इतका घातक असतो. कुणी परका असता तर तिने त्याला झाडूने हाकलला असता. पण आमचे बाबा तिच्या मुलीला फुकट गणित शिकवायचे, म्हणून ती मान तुकवून बसली.

नमुना द्यायच्या आदल्या दिवशी सलमा शाळेत प्रॅक्टिकलला गेली, माझं आधीच झालं होतं. आई कामावर. चाचा गोदामात. बाबांनी रजा घेतली होती. हॉटेलला एक यंत्र विकू न शकणारा माणूस शेजारणीच्या खजुरासाठी रजा घेतो! दोन्ही घरांची दारं सताड उघडी, पॅसेजभर खजुराचा वास, आणि बाबा आईचा एप्रन बांधून सेनापतीसारखे मधोमध. चाचीने लगदा केला. बाबांनी तो लोकरीच्या शंकूत ओतला. वाट बघितली. एक थेंब नाही. मेपलचं पाणी पातळ असतं हो, पाण्यासारखं. इथे खजुराचा चिखल. लोकरीची भोकं पाच मिनिटांत बुजली. दुसरा शंकू, तेच. मग दाबयंत्र. ते आधी गुणगुणलं, मग कण्हलं, आणि मग त्याचं रबर फटकन उडून रसाची पिचकारी छतापर्यंत गेली. छतावरून थेंब बाबांच्या टकलावर. मी दारात उभी राहून हसले. मोठ्याने, मुद्दाम ऐकू जाईल असं. चाचीला हसू आलं नाही. ती टोपाकडे बघत होती. निम्मा लगदा वाया गेला होता आणि उरलेल्यात जेमतेम सहा बाटल्या निघणार होत्या.

"आता?" ती म्हणाली. तिचं फडकं बादलीत, फिनाईलच्या पाण्यात.

मी खाली जाऊन दहा मिनिटांत मलमल आणली असती. करामात कापडाची दुकानं काय कमी? पण बाबा म्हणाले, "बाजारच्या कापडाला खळ असते. खळ रसात उतरेल. धुवून धुवून मऊ झालेलं, खळीचा लवलेश नसलेलं कापड पाहिजे." मग एकदम त्यांचा चेहरा उजळला. "अण्णांचं धोतर! शलाका, पलंगाखालच्या ट्रंकेतून अण्णांचं धोतर काढ."

अण्णा म्हणजे माझे आजोबा. त्यांचं ते एक धोतर बाबांनी आठवण म्हणून डोंबिवलीहून आणलं होतं. आई ते आपल्या पैठणीबरोबर ट्रंकेत ठेवायची आणि कसर लागू नये म्हणून घडीघडीत डांबराच्या गोळ्या. मी ट्रंक उघडली तर तो वास भसकन तोंडावर आला. धोतराच्या घडीतून दोन पांढऱ्या गोळ्या टुणटुणत पलंगाखाली गेल्या. मी ते धोतर नाकाला लावलं. मुद्दाम लावलं. डोळ्यांत पाणी आलं इतका उग्र वास. माझं नाक पहिल्यापासून तिखट. आईने सकाळी कुठली भाजी केली हे मी लिफ्टमधून सांगायचे.

आणि तिथे, पलंगाशेजारी गुडघ्यांवर बसून, मी ठरवलं की आपण काही बोलायचं नाही. हे मी ठरवलं. विसरले नव्हते, गोंधळले नव्हते. माझा हिशेब साफ होता. बाबा ते धोतर ऐटीत चाचीच्या हातात देतील, चाचीला दारातच वास येईल, ती नाक मुरडून परत करेल, आणि फिल्ट्रेशन ज्यांचा विषय आहे त्या गृहस्थांचं नाक शेजारणीसमोर कापलं जाईल. मग मी खाली जाऊन मलमल आणीन. अर्ध्या तासाचा प्रश्न. मला ती फजिती बघायची होती. तीन आठवड्यांच्या तक्त्यांची, हबीबींची, त्या बारा नळांची मला भरपाई हवी होती.

बाबांनी धोतर गरम पाण्यातून एकदा काढलं. त्यांचं नाक एसीने कधीच बंद पाडलं होतं, बारा महिने सर्दी. त्यांना काही कळण्याचा प्रश्न नव्हता. त्यांनी ते चाचीला दिलं. चाचीने ते उलगडलं, उजेडात धरलं, गालाला लावलं. मी दारातून बघत होते.

"मऊ हाय," ती म्हणाली. "चांगला हाय, भाऊ. ह्याच्यात उतरल."

आणि तिने त्यात लगदा बांधला.

मला काही सुचेना. वाटलं, पाण्यात वास गेला असेल. वाटलं, खजुरापुढे तो टिकणार नाही. खरं म्हणजे तसं काही वाटलं नाही, मी तसं स्वतःला सांगितलं. कारण आता बोलले असते तर पहिला प्रश्न आला असता, मग आधी का नाही बोललीस? त्याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. मी आमच्या खोलीत गेले, कानात गाणी लावली. मधेच पाणी प्यायला उठले तर समोरच्या सिंकमध्ये तेच टप्, टप् चालू होतं.

संध्याकाळपर्यंत पाक झाला. बाबांनी काचेची नळी बुडवून गोडी मोजली आणि टाळी वाजवली. मला चमचा पुढे केला. "नो थँक्स," मी म्हटलं. मी ते तोंडात घालणार नव्हते. चाचा अजून गोदामातून आले नव्हते, आणि मधुमेहामुळे ते चाखणारही नव्हते. चाचीने बोटाने चाटला, म्हणाली, गोड हाय. मग बाबांनी बाल्कनीतून बाटल्या सीलबंद करायचं यंत्र काढलं, कारण आमच्याकडे तेही होतं, आणि सहाच्या सहा बाटल्यांच्या तोंडावर प्लास्टिक चढवलं. सलमा थकून आली तेव्हा टेबलावर सहा बाटल्या चकचकत होत्या. ती दारातच थांबली. "कसला तरी वेगळा वास येतोय ना?" तिने विचारलं, आणि माझ्याकडे बघितलं.

"सीलच्या प्लास्टिकचा," बाबा म्हणाले. मी फोनमध्ये बघत होते.

दुसऱ्या दिवशी सुट्टी. बाबांनीच गाडी काढली, चाची पुढे, आम्ही दोघी मागे, बाटल्या सलमाच्या मांडीवर. चाचीने ठेवणीतला अबाया घातला होता. बाबांनी गोडीच्या आकड्यांचा एक रिपोर्ट छापून घेतला होता, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. दुकान म्हणजे काय थाट! संगमरवरी काउंटर, काचेत रचलेल्या मिठाया. मागच्या स्वयंपाकघरात मॅडम आणि त्यांचे दोन स्वयंपाकी उभे होते. मॅडम पन्नाशीच्या, हसऱ्या. त्यांनी चाचीचा हात हातात घेतला, "वेलकम, सिस्टर," म्हणाल्या, फोल्डर न उघडताच बाजूला ठेवला आणि एका बाटलीचं सील कापलं.

बाटली नाकाशी गेली आणि त्यांचं हसू थांबलं. त्यांनी ती स्वयंपाक्याकडे दिली. त्याने हुंगली, चमच्यात ओतून जिभेला लावली आणि वळून सिंकमध्ये थुंकला. दुसरी बाटली फोडली. तिसरी. मॅडम बाबांकडे वळून म्हणाल्या, "व्हॉट इज धिस? धिस इज कबर्ड स्मेल. फॉर इन्सेक्ट्स." सलमाने पुढे होऊन एक बाटली उचलली, नाकाला लावली, आणि लगेच खाली ठेवली.

बाबांना काही कळेना. ते आळीपाळीने सगळ्यांकडे बघत होते. मग सलमा हळूच म्हणाली, "अंकल, डांबराच्या गोळ्या," आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर तो क्षण दिसला, ट्रंक, पैठणी, धोतर, सगळं एकदम. ते दोन पावलं पुढे गेले. ज्या माणसाच्या मागून मी दहा पावलं चालायचे तो माणूस. "मॅडम, माय मिस्टेक," ते म्हणाले. "क्लॉथ वॉज माइन. शी टोल्ड मी नो, आय फोर्स्ड हर. हर मेथड इज परफेक्ट. प्लीज, वन मोअर चान्स. आय विल नॉट कम नियर द किचन." हात जोडले त्यांनी. त्या संगमरवरी स्वयंपाकघरात, स्वयंपाक्यांसमोर.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. मग चाचीला विचारलं, "सिस्टर, यू कुक्ड इट. फुल डे. यू डिडन्ट स्मेल?"

मला वाटलं, आता ती बाबांवर ढकलेल, ढकलायलाच हवं होतं. तिने पदर सावरल्यासारखा डोक्यावरचा शेला सावरला आणि म्हणाली, "नो स्मेल, मॅडम. टू इयर. फीवर के बाद सब स्मेल गया."

दोन वर्षांपूर्वी ती तापाने पंधरा दिवस झोपून होती, तेव्हापासून तिला वास येत नव्हता. कशाचाच नाही. जीभ फक्त गोड, खारट, आंबट सांगायची. स्वयंपाक ती हाताच्या सवयीवर आणि सलमाच्या नाकावर करायची. चमचा पुढे करून "झाला?" विचारायची ते लाड नव्हते. सलमाला हे ठाऊक होतं, चाचांना ठाऊक होतं. नाक नसलेली स्वयंपाकीण कोण ठेवणार, म्हणून ते बाहेर कुणालाच सांगितलं नव्हतं, आम्हालाही नाही.

मॅडमना वाईट वाटलं, ते दिसत होतं. त्यांनी चाचीच्या खांद्यावर हात ठेवला. निघताना मिठाईचा डबा दिला. पण नोकरी दिली नाही. कशी देणार? परतताना गाडीत मिठाईचा डबा सलमाच्या मांडीवर होता.

महिन्याभरात त्यांचं घर रिकामं झालं. फ्रीज कुणीतरी नेला, पलंग कुणीतरी नेले. बाबा दोन आठवडे ओळखीच्या प्रत्येक कंपनीत चाचांसाठी अर्ज घेऊन फिरले. सगळीकडे इन्शाल्ला आणि पुढे काही नाही. जायच्या दिवशी बॅगा लिफ्टपाशी लावून झाल्या, चाचा खाली टॅक्सी बघायला गेले, चाची आईच्या गळ्यात पडून रडत होती. सलमाने मला बाजूला घेतलं. तिने कधी मोठा आवाज केला नव्हता, तेव्हाही केला नाही.

"धोतर ट्रंकेतून तू काढलंस ना?"

"हो."

"तुला वास आला नाही?"

लिफ्ट येत होती. आकडे बदलत होते. मला फक्त एक शब्द बोलायचा होता.

"आय डिडन्ट नोटिस," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलं. तिला माझं नाक माहीत होतं, मी लिफ्टमधून भाजी ओळखायचे हे तिनेच शाळेत सगळ्यांना सांगितलेलं होतं. "बरं," ती म्हणाली, आणि बॅग उचलली. नंतर मी तिला कितीतरी निरोप पाठवले. तिने एकाचं उत्तर दिलं, लग्न ठरल्याचं. त्यापुढे काही नाही.

बाबांनी त्यानंतर काही विकत आणलं नाही. बाल्कनी आईने हळूहळू रिकामी केली, त्यांनी अडवलं नाही. फिल्ट्रेशन हा शब्द मी पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकला नाही. चहा मात्र ते गुपचूप गाळायचे. पुढे कुणी जुन्या शेजाऱ्यांची आठवण काढली की ते स्वतःच सांगायचे, "माझ्या शहाणपणामुळे त्या लोकांना जावं लागलं. त्या मुलीचं शिक्षण माझ्यामुळे बुडालं." लोक म्हणायचे, अहो, तुम्ही काय मुद्दाम केलंत? ते मान हलवायचे. मी तिथेच, त्याच खोलीत बसलेली असायचे. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यातही त्यांनी नर्सला ही गोष्ट सांगितली, मोडक्या हिंदीत, आणि ती बिचारी "अच्छा, अंकल" म्हणत सलाइन बदलत होती. मी त्यांना उभ्या जन्मात एकाही चांगल्या गोष्टीचं श्रेय दिलं नाही. हा एक गुन्हा त्यांचा नव्हता, तो तेवढा मी त्यांच्या नावावर राहू दिला, आणि ते तो घेऊनच गेले.